विहिरीजवळील वृक्षाची ओळख

श्रींचे दर्शन घेऊन दक्षिण दरवाजाने बाहेर पडले, की उजव्या हातास संस्थानची जुनी बाग लागते. बागेत बेल, बकुळ, पारिजातक, सोनचाफा, तगर अशी देवपूजेस लागणारी झाडे असून ती बहुतेक भाविकांच्या परिचयाची आहेत. मात्र पायऱ्यांच्या विहिरीपलीकडे सरळ खोडाचा जो उंच वृक्ष उभा आहे, त्याच्यापाशी येताच प्रत्येक जण थांबतो. या वृक्षाची फुले फांद्यांच्या शेंड्यांवर नसून थेट खोडावर, जमिनीपासून हात-दोन हात उंचीपासूनच, दोरखंडासारख्या लोंबत्या काड्यांवर येतात. त्याच काड्यांना माणसाच्या डोक्याएवढी तपकिरी, गोल फळे लटकलेली असतात. ‘हे झाड कोणते?’ हा प्रश्न आमच्या देणगी कार्यालयात अभिषेकाच्या वेळेखालोखाल विचारला जातो. त्याचे उत्तर येथे थोड्या विस्ताराने देत आहोत. विस्ताराचे कारण असे, की हे उत्तर मिळेपर्यंत संस्थानच्या हातूनही चुका झाल्या आणि त्यांपैकी एक चूक या वृक्षाच्या जिवावरच बेतणार होती.

एका झाडास अनेक नावे

मंदिरातील गुरव मंडळी या वृक्षास पिढ्यान्पिढ्या ‘शिवलिंगाचे झाड’ म्हणत आली. कर्नाटक व तामिळनाडूकडून येणारे यात्रेकरू त्यास ‘नागलिंग’ म्हणून ओळखतात व फूल दिसताच हात जोडतात. गावातील काही जाणत्या मंडळींच्या मते हा ‘नागकेशर’ होता. एका श्रद्धाळू देणगीदारांनी वृक्षाजवळ जो संगमरवरी फलक बसवून दिला होता, त्यावरही ‘नागकेशर’ असेच कोरलेले होते आणि त्याखाली ‘वेदकाळापासून पूजिला जाणारा, हजार वर्षांचा पुराणवृक्ष’ असा मजकूर होता. फलक सद्‌भावनेने दिलेला होता आणि तो लावण्यापूर्वी शहानिशा करणे हे आमचे काम होते. ते आम्ही केले नाही.

नाव ठाऊक नसणे यात कमीपणा काहीच नाही. आळंदीस श्रीज्ञानेश्वर महाराजांच्या समाधीजवळ जो अजानवृक्ष आहे, त्याच्या नावाचाच अर्थ ‘न जाणलेला’ असा सांगितला जातो. त्याच जातीची झाडे आपल्या रानांत दातरंग या नावाने परिचित आहेत; तिची पाने चघळली असता तोंड विडा खाल्ल्यासारखे लाल होते. वनस्पतिशास्त्राने त्या जातीस एहरेशिया लेव्हिस असे नाव दिले, म्हणून वारकऱ्यांचा अजानवृक्ष काही नाहीसा झाला नाही. भक्तीने दिलेले नाव व शास्त्राने दिलेले नाव अशी दोन्ही नावे एका झाडास शोभतात. अडचण येते ती एका झाडाचे नाव भलत्याच झाडास चिकटले म्हणजे.

आमच्या बाबतीत ती अडचण एका उन्हाळ्यात उभी राहिली. फाल्गुनाच्या अखेरीस या वृक्षाची सारी पाने चार-पाच दिवसांत गळून पडली. नागकेशर हा सदाहरित वृक्ष होय; त्याची पाने अशी एकदम गळत नाहीत. तेव्हा फलकावरील नावावर विश्वास ठेवून सर्वांनी एकच अनुमान काढले, की झाड वठले. विहिरीवर येणाऱ्या भाविकांवर वाळकी फांदी पडू नये म्हणून ते उतरवून घ्यावे असे ठरले व लाकूडतोड्याकडून खर्चाचा अंदाजही आला. काही कारणाने विश्वस्त मंडळाची सभा दहा दिवस पुढे गेली. तेवढ्या अवधीत फांद्यांच्या टोकांना पोपटी पालवीचे झुबके फुटले व सभेच्या दिवशी वृक्ष पुन्हा हिरवागार होता. वर्षातून एकदा, कधी अधिक वेळा, थोड्याच दिवसांत पर्णहीन होऊन लगेच पालवणे हा या जातीचा स्वभावच आहे, हे आम्हांस पुढे कळले. सभा ठरल्या दिवशी झाली असती, तर आज हा लेख लिहिण्याचे कारण उरले नसते.

ओळख कशी पटविली

त्यानंतर बागेची देखरेख पाहणाऱ्या समितीने, ज्या समितीत प्रस्तुत लेखकही आहे, हा वृक्ष नीट पाहावयाचे ठरविले. येथे ‘नीट’ याचा अर्थ नाव मनात न धरता पाहणे असा आहे. आधी नाव ठरवून झाडाकडे पाहिले, की डोळ्यांस त्या नावास अनुकूल तेवढेच दिसते.

प्रथम पाने. ती साधी, लांबट, वीतभर किंवा त्याहून मोठी असून फांदीवर एकाआड एक येतात, परंतु टोकाशी इतकी दाटीने येतात की झुबक्यासारखी दिसतात. देठ मोडून पाहिला. चीक निघाला नाही. नागकेशराची पाने याउलट समोरासमोर जोडीने येतात, ती अरुंद असतात, त्यांची खालची बाजू पांढुरकी असते आणि कोवळी पालवी तांबडी-गुलाबी असते. केवळ एवढ्याने ‘नागकेशर’ हे नाव बाद होण्यास हरकत नव्हती. पण कोरीव फलकाविरुद्ध पानाची साक्ष पुरेशी मानावी असे कोणास वाटेना. म्हणून फुलाकडे वळलो.

नागकेशराच्या फुलास चार शुभ्र पाकळ्या व मध्ये पिवळ्या केसरांचा मोकळा गुच्छ असतो. आमच्या वृक्षाच्या फुलास सहा जाड, मांसल पाकळ्या होत्या. आतून लालसर-गुलाबी, बाहेरून पिवळट. मध्यभागी एक लहानशी घुमटी, तिच्या भोवती आखूड केसरांचे वर्तुळ, आणि त्या वर्तुळाच्या एका बाजूने निघून घुमटीवर फणेसारखी वाकलेली, असंख्य केसरांची झालर. हे ज्यांनी पाहिले त्यांना नागलिंग हे नाव कसे पडले, हे सांगावे लागत नाही. मधली घुमटी हे लिंग, भोवतालचे वर्तुळ ही शाळुंका, आणि वर छत्र धरणारा शेषनाग.

‘शिवलिंगी’ या नावाने ओळखली जाणारी वनस्पती आणखी तिसरीच असून ती वेल आहे. तिच्या बियांचा आकार शिवपिंडीसारखा असतो म्हणून तिला ते नाव मिळाले. तिचा या वृक्षाशी संबंध नाही.

खोडावर फुले-फळे येणे ही गोष्ट आपणांस तशी नवी नाही. फणस खोडावर धरतो, उंबरही धरतो. परंतु त्या झाडांच्या कुळात याचे मूळ शोधून उपयोग नव्हता. त्या दोहोंतून चीक निघतो, यातून निघत नाही. खरे आप्त सापडले ते सह्याद्रीच्या रानातील कुंभा व समुद्रकाठचे समुद्रफळ. त्या दोन्ही झाडांच्या फुलांत केसरांची अशीच गर्दी असते आणि वनस्पतिशास्त्राने त्यांना आमच्या या वृक्षाच्याच कुळात घातले आहे. वाळविलेली डहाळी, फूल, फळाचा तुकडा व छायाचित्रे घेऊन आम्ही जाणकारांकडे गेलो. त्यांनी ठीक ओळख पटलेल्या नमुन्याशी ती ताडून पाहिली व काही मिनिटांतच निर्वाळा दिला. मराठीत यास कैलासपती म्हणतात. शास्त्रीय नाव कुरुपिटा गियानेन्सिस.

मूळ गाव

शास्त्रीय नावाच्या उत्तरार्धातच या वृक्षाचे मूळ गाव दडलेले आहे. गियाना हा दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरील प्रदेश. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ ओब्ले यांनी तेथील वनस्पतींवरील आपल्या ग्रंथात १७७५ साली या जातीचे वर्णन करून तिला हे नाव दिले. गियानापासून ॲमेझॉनच्या खोऱ्यापर्यंत व उत्तरेस मध्य अमेरिकेच्या काही भागापर्यंत ती रानात आपोआप वाढते. इंग्रजीत या झाडास फळांच्या आकारावरून तोफगोळ्याचे झाड म्हणतात.

अमेरिका खंडाशी जुन्या जगाचा नियमित संबंध १४९२ नंतर आला. त्यामुळे तेथील झाड भारतात वेदकाळी असणे शक्य नाही आणि आमच्या बागेतील वृक्ष हजार वर्षांचा असणेही शक्य नाही. अशी परदेशी झाडे आपल्याकडे प्रामुख्याने वनस्पती-उद्यानांच्या द्वारे पसरली. कलकत्त्याजवळील उद्यान १७८७ साली स्थापन झाले, तर मुंबईत भायखळ्याची राणीची बाग १८६२ साली लोकांसाठी खुली झाली. श्रीलंकेत पेराडेनिया येथील उद्यानात कैलासपती १८८१ मध्ये आणला गेला आणि पुढे तेथील बौद्ध विहारांतून ‘साल’ या नावाने पूज्य झाला. वस्तुतः भगवान बुद्धांच्या जन्माशी ज्या शालवृक्षाचे नाते सांगितले जाते, तो उत्तर भारतातील अगदी निराळा वृक्ष आहे. म्हणजे नावाचा घोटाळा आमच्या एकट्याच्याच पदरी आला नव्हता, एवढे समाधान.

वयाविषयीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. जाड खोड पाहून शतकांचा हिशोब मांडण्याची आपणा सर्वांस सवय आहे. उष्ण प्रदेशातील झाडे लवकर भरतात. पाणी जवळ असेल तर अधिकच लवकर. आमच्या वृक्षाच्या मुळांशी विहिरीचा ओलावा बारमाही आहे. फलकावरील ‘हजार’ हा आकडा बहुधा घेरावरूनच सुचला असावा.

हे सर्व समजल्यावर काही भाविकांना वाईट वाटले, हे लपविण्यात अर्थ नाही. एका वृद्ध माउलींनी कार्यालयात येऊन विचारले, की इतकी वर्षे मी हे फूल देवास वाहिले, ते मग देवास पोचले नाही काय? या प्रश्नाला वनस्पतिशास्त्रात उत्तर नाही. पण मंदिराच्या फुलांच्या परडीत आहे. दसऱ्याचे तोरण ज्या झेंडूवाचून होत नाही, तो झेंडू मूळचा मेक्सिकोचा. देवाच्या हारातील निशिगंधही तिकडचाच. देवळाच्या आवारात शोभणारा पांढरा देवचाफा व संध्याकाळी फुलणारी गुलबक्षी यांची मुळेही अमेरिका खंडातच आहेत. यांतील कोणत्याही फुलास गाभाऱ्याच्या उंबरठ्यावर कोणी गाव विचारले नाही.

कृष्णकमळाचे उदाहरण तर याहून बोलके आहे. ही वेलही दक्षिण अमेरिकेतील. तेथे गेलेल्या ख्रिस्ती धर्मोपदेशकांना तिच्या फुलात येशूच्या अंतिम यातनांची चिन्हे दिसली: काटेरी मुकुट, खिळे, जखमा. तेच फूल आपल्या अंगणात आले, तेव्हा आपल्या लोकांना बाहेरच्या निळ्या तंतूंत शंभर कौरव दिसले, पाच पुंकेसरांत पांडव दिसले आणि मध्ये श्रीकृष्ण. फूल एकच; पाहणाऱ्याने आपल्याजवळचे त्यात पाहिले. कैलासपतीच्या फुलात ज्यांनी प्रथम नाग व लिंग पाहिले, त्यांनीही हेच केले. त्या माउली आजही सोमवारी फूल घेऊन येतात.

भक्तीच्या बाजूने अडचण नाही. औषधाच्या बाजूने मात्र आहे. आयुर्वेदात दालचिनी, वेलदोडा व तमालपत्र यांच्याबरोबर नागकेशर मिळून ‘चातुर्जात’ होते. तेथे अभिप्रेत आहेत ते खऱ्या नागकेशराचे पुंकेसर. फलक वाचून काही भाविक कैलासपतीच्या फुलातील झालर वेचून, वाळवून, घरी नागकेशर म्हणून नेत असत असे आम्हांस आढळले. बाजारातही या नावाखाली गोंधळ आहेच. सुरंगीच्या कळ्या तांबडे नागकेशर म्हणून विकल्या जातात. तेव्हा या बागेतील काहीही औषध म्हणून नेऊ नये व औषध वैद्यांच्या सल्ल्यानेच घ्यावे, अशी सर्वांस विनंती आहे.

फुलाची रचना व फळाचा धोका

फुलाची रचना जितकी पाहावी तितकी थोडीच. या फुलात मध नाही, तरी भुंगे पहाटेपासून त्यावर गर्दी करतात. ते येतात परागांसाठी. गंमत अशी, की फुलात पराग दोन प्रकारचे आहेत. वरच्या फणेतील पराग हे केवळ खाद्य होय. त्यांपासून बीज धरत नाही. खालच्या वर्तुळातील पराग मात्र बीजधारणा करणारे. भुंगा फणा व वर्तुळ यांच्या मधल्या सांदीत शिरून फणेतील पराग खातो, तेव्हा वर्तुळातील पराग त्याच्या अंगास माखतात आणि तो ते नकळत पुढच्या फुलाकडे घेऊन जातो. ज्यास भाविक शेषाची फणा म्हणतात, ती भुंग्यांसाठी मांडलेले अन्नसत्रच आहे.

फूल एकच दिवस टिकते. सुगंध रात्री व पहाटे सर्वाधिक असतो आणि दुपारपर्यंत झाडाखाली सडा पडतो. फळ मात्र घाई करीत नाही. ते पक्व होण्यास वर्ष-दीड वर्ष लागते. पिकलेले फळ खाली पडून फुटते, आतला गर हवा लागताच निळसर-हिरवा होतो आणि त्यास अतिशय उग्र दुर्गंधी येते. ज्या फुलाच्या वासाने सारी बाग भरते त्याचेच हे फळ, यावर विश्वास बसत नाही. गरातील बियांवर बारीक लव असते. मूळच्या अरण्यात रानडुकरांसारखे प्राणी ही फळे खातात व लवेमुळे बिया त्यांच्या पोटातून सुखरूप बाहेर पडतात असे मानले जाते. माणसाच्या खाण्याजोगे हे फळ नाही.

ही माहिती मिळाली नसती तर एक गंभीर प्रसंग ओढवला असता. एका देणगीदार कुटुंबाने वडिलांच्या स्मरणार्थ या वृक्षाभोवती दगडी पार बांधून देण्याची इच्छा प्रकट केली होती व विश्वस्त मंडळाने ती आनंदाने स्वीकारलीही होती. वडाखाली, पिंपळाखाली पार असतो, तसाच येथेही असावा, यात वावगे काय? परंतु वड-पिंपळाचे फळ डोक्यावर पडले तर कळतही नाही. येथे कित्येक हात उंचीवरून कठीण कवचाचे, वजनदार फळ केव्हाही सुटते. खाली कोणी बसले असेल तर डोके फुटण्याचाच प्रसंग. लहान मुले तर पारावर हटकून खेळतात. आम्ही त्या कुटुंबास भेटून सर्व सांगितले. त्यांनी क्षणभर विचार करून पाराचा संकल्प मोकळ्या मनाने सोडला. त्यांच्या देणगीतून वृक्षाभोवती पुरेसे अंतर सोडून लोखंडी कठडा झाला व उरलेल्या रकमेतून बागेच्या उत्तर कोपऱ्यात खऱ्या नागकेशराचे रोप लावले गेले. नागकेशर अतिशय सावकाश वाढतो. त्याचे लाकूड लोखंडासारखे टणक म्हणून प्रसिद्ध आहे आणि अशा टणकपणास वेळ लागतोच. रोप आज कमरेइतके आहे. त्याची तांबूस पालवी अवश्य पाहावी. एकदा पाहिली म्हणजे दोन्ही झाडांत पुन्हा गोंधळ होत नाही.

आपल्या गावच्या अनोळखी झाडाविषयी

ही हकिकत ऐकून अनेक भाविक आपापल्या गावच्या देवळातील, वाड्यातील किंवा परसातील झाडांची पाने घेऊन कार्यालयात येतात. आमची समिती काही तज्ज्ञांची नव्हे, परंतु अनुभवाने दोन शब्द सांगता येतात. एकटे पान पुरेसे नसते. पाने फांदीवर कशी जोडलेली आहेत हे दिसेल अशी लहान डहाळी, फूल, फळ, खोडाच्या सालीचे छायाचित्र आणि पालवी, पानगळ व बहर यांचे महिने एवढे जमविले, तर जाणकारास काम करता येते. छायाचित्रात मापासाठी एखादे नाणे ठेवावे. साल सोलू नये. गळलेल्या वस्तूंवर भागते. हल्ली मोबाइलवर छायाचित्र दाखवून नाव सांगणारी साधने उपलब्ध आहेत. ती उपयोगी आहेत, परंतु ती साम्य सांगतात, खात्री देत नाहीत; त्यांनी सुचविलेले नाव हा शोधाचा आरंभ समजावा.

खात्रीसाठी जवळच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्र विभागाकडे जावे. पुणे येथे भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र व आघारकर संशोधन संस्था या दोन्ही ठिकाणी वाळविलेल्या नमुन्यांचे मोठे संग्रह आहेत. आपल्या प्रांतातील रानझाडांसाठी थिओडोर कुक यांचा १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झालेला मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ आजही अभ्यासक उघडतात. आणि गावातील सर्वांत वृद्ध व्यक्तीस विचारावयास विसरू नये. तिला शास्त्रीय नाव ठाऊक नसेल, परंतु झाड कोणी लावले, ते केव्हा फुलते व त्यास पूर्वी काय म्हणत, हे तिच्यावाचून कोणी सांगणार नाही. आमच्या वृक्षाची पानगळ दरवर्षीची आहे हे ठाऊक असलेल्या एक आजी गावात होत्या. त्यांना विचारण्याचे मात्र कोणास सुचले नव्हते.

जुना संगमरवरी फलक आता संस्थानच्या कार्यालयात जपून ठेवला असून, देणगीदारांच्या संमतीने वृक्षाजवळ नवा फलक लावला आहे. त्यावर कैलासपती, नागलिंग व शास्त्रीय नाव अशी तिन्ही नावे असून मूळ स्थान ‘दक्षिण अमेरिका’ असे नोंदविले आहे. वयाचा रकाना मोकळा ठेवला आहे.

फुले पाहावयाची असल्यास भाविकांनी काकड आरतीनंतर लगेच बागेत यावे. कठड्याच्या आत जाऊ नये व काड्यांवरील फुले तोडू नयेत. कठड्याबाहेर पडलेली ताजी फुले गुरव रोज सकाळी वेचून परडीत ठेवतात. ज्यांना श्रींस वाहावयाची आहेत त्यांनी ती त्यांच्याकडून मागून घ्यावीत. त्यासाठी कोणतेही मूल्य घेतले जात नाही. वृक्षारोपणासाठी देणगी देऊ इच्छिणाऱ्यांनी रोप सोबत आणू नये. बागेत कोणत्या जागी कोणते झाड हवे याची यादी देणगी कार्यालयात पाहावयास मिळेल.